भेटकलम

2022 सालच्या दिवाळीच्या सुटीनंतर आम्ही शाळेत वेळेवर रुजू झालो नाही. सुटी संपून महिना उलटला तरी आमचे तास दुसरे शिक्षक घेत होते, आणि परत आल्यावर नववीच्या वर्गाने पहिला प्रश्न विचारला तो पानिपताविषयी नव्हता, "सर, आपण इतके दिवस कोठे होता?" असा होता. "घरी आजारपण होते," एवढे सांगून आम्ही त्या वेळी वेळ मारून नेली. ते विद्यार्थी आता शाळा सोडून गेले आहेत. तथापि उत्तर द्यावयाचे राहिले, ही रुखरुख मनात आहे. आणि वार्षिकांकाच्या संपादकांनी तगादा लावल्यामुळे ते देण्याची संधीही चालून आली आहे. आमचा विषय इतिहास. शरीरशास्त्राशी आमचा संबंध दहावीच्या परीक्षेपुरता आला आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी संपला. म्हणून पुढील मजकूर छापण्यापूर्वी आमच्या विज्ञानशिक्षक स्नेह्यांना दाखविला आहे, आणि त्यांनी दोन ठिकाणी आमचे कानही उपटले आहेत.

मध्य प्रदेशातील बालाघाटहून बैहरकडे जाणाऱ्या रस्त्यावर उकवा नावाचे गाव आहे. घाट चढून, सागाच्या आणि बांबूच्या रानातून मोटार वर आली की ते लागते. भूगोलाच्या पुस्तकात मँगनीजच्या नकाशावर बालाघाटचा ठिपका तुम्ही पाहिला असेल. त्या ठिपक्यात भरवेली येते, तसेच हे उकवाही येते. जमिनीखाली बोगदे नेऊन तेथे काळा, हातात घेताच अनपेक्षित जड लागणारा दगड काढतात. या खाणी चालविणारी मॉइल ही सरकारी कंपनी 1962 साली स्थापन झाली. तिची मुख्य कचेरी नागपुरास आहे. उकव्याच्या बाजारात हिंदी, पोवारी, गोंडी आणि मराठी एकमेकींत मिसळून ऐकू येतात. त्यांत आमच्या अक्काच्या घरातील कोंकणी ही आणखी एक.

अक्का आमच्याहून बारा वर्षांनी वडील. तिचे यजमान आमच्याच केपे तालुक्याच्या बाजूचे, खाणीच्या हजेरी कचेरीत कारकून. आम्ही त्यांना भावजी म्हणतो. आमचे वडील वारले तेव्हा आम्ही अकरावीत होतो. पुढे भावजींनी आम्हांस नागपूरच्या कॉलेजात घातले. तीन वर्षे दर महिन्याच्या सात तारखेस त्यांची मनीऑर्डर येई, आणि तिच्या खाली दोन ओळी लिहावयास त्या काळी जी जागा असायची तेथे दर वेळी एकच वाक्य असे : "पोट भरून जेव." आमच्या नावापुढे बी. ए. ही जी दोन अक्षरे लागतात, त्यांतील एक तरी त्यांचे आहे.

त्या वर्षी भाऊबीजेस आम्ही उकव्याला गेलो. ओवाळणी झाली. दुसऱ्या दिवशी भावजी परसातील बांबूचे कुंपण दुरुस्त करावयास बसले. रानडुकरे वांग्याच्या वाफ्यात शिरत होती. चिरलेला एक बांबू हातातून निसटला आणि त्याचे टोक उजव्या गुडघ्याच्या किंचित खाली रुतले. जखम एवढीशी, की अक्काने हळद दाबली आणि रक्त थांबले. भावजींना मधुमेह होता. गोळ्या ते आठवतील तेव्हा घेत, आणि दिवाळीत त्या आठवणे शक्यच नव्हते.

पुढच्या दिवशी संध्याकाळी ताप भरला आणि पाय ठणकू लागला. वरून पाहावे तर थोडीशी लाली आणि किंचित सूज. वेदना मात्र अशी, की पांघरुणाचे टोक लागले तरी ते ओरडत. कचेरीत जन्मभर हिंदी बोललेला तो माणूस त्या रात्री निखळ कोंकणीवर आला. "दुखता गो, खूब दुखता," एवढेच अक्काला पुनःपुन्हा सांगे. रात्रीचे नऊ वाजले होते. अक्का म्हणाली, "गाडी मागव. आत्ताच बालाघाटला जाऊ." आम्ही म्हणालो, "रात्रीचा घाट, रानातला रस्ता. एवढी लाली तर साध्या गळवालाही असते. सकाळी निघू." घरात पदवीधर असे आम्हीच. आमचा शब्द मानला गेला.

विद्यार्थिमित्रहो, जखम दिसते लहान आणि वेदना होते तिच्या दसपट, ताप आहे आणि माणूस झपाट्याने खचत आहे, हा न जुळणारा हिशेब हीच त्या रोगाची पहिली खूण असते. हे आम्हांस कळले, पण दोन दिवस उशिरा.

सकाळी सहा वाजता पांघरूण काढले तो पोटरीच्या वर जांभळट काळे डाग उमटलेले, पाण्याने भरलेले फोड आलेले, आणि भावजी अर्धवट गुंगीत. बालाघाटच्या डॉक्टरांनी पाय पाहिला, शिरेतून औषध सुरू केले आणि एक मिनिटही न दवडता नागपूर गाठावयास सांगितले. रजेगावापाशी बाघ नदी ओलांडली की महाराष्ट्र लागतो. एरवी त्या पुलावर आम्हांस आपल्या मुलखात आल्यासारखे वाटते. त्या दिवशी पूल केव्हा गेला ते समजलेही नाही.

या रोगास नेक्रोटायझिंग फॅसिआयटिस असे लांबलचक नाव आहे. ते विल्सन नावाच्या एका अमेरिकन शस्त्रवैद्याने 1952 साली दिले. पण रोग त्याहून पुष्कळ जुना. आपल्या कातडीखाली चरबीचा थर असतो, त्याच्या खाली स्नायूंना गुंडाळणारे एक चिवट पांढरे आवरण असते. जंतू या आवरणाच्या पातळीवरून, भिंतीतल्या वाळवीसारखे, आतल्या आत पसरत जातात. वरची कातडी पुष्कळ वेळ धडधाकट दिसते. तेवढ्यात तिला रक्त पुरविणाऱ्या बारीक वाहिन्या आत गोठून बंद पडतात, आणि मग कातडी काळी पडू लागते. "मग जोरदार औषध का देत नाही?" असे आम्ही शस्त्रवैद्यांना भाबडेपणाने विचारले. ते म्हणाले, "औषध देतोच आहोत. पण औषध रक्तातून जाते, आणि मेलेल्या भागात रक्त जातच नाही. दरड कोसळून रस्ता बंद झाला असेल तर पलीकडे मदतीच्या कितीही गाड्या पाठवा, त्या अलीकडेच उभ्या राहणार. मेलेले सगळे कापून काढणे, आणि ते आज रात्रीच काढणे, हाच उपाय."

कागदावर सही हवी होती. त्या कागदात असे होते की आवश्यक वाटल्यास पाय मांडीतून काढून टाकण्यास आमची संमती आहे. आम्ही लेखणी हातात धरून बसून राहिलो. अक्काने विचारले, "कितें बरयलां?" काय लिहिले आहे? आम्ही सांगितले. ती म्हणाली, "पाय वचूं. मनीस उरूं." पाय जाऊ दे, माणूस राहू दे. ती सही आमच्या हातची आहे. अक्षर मात्र ओळखू येत नाही.

पाय वाचला. तो कसा वाचला ते सांगण्याजोगे आहे. जंतूंनी आवरण खाल्ले होते. त्याच्या आतले स्नायू मात्र बहुतांशी शाबूत होते. स्नायू जिवंत आहे की मेला, हे ओळखण्याची रीत साधी असते. चिमट्याने स्पर्श केला असता जिवंत स्नायू आकसतो, आणि कापला तर त्यातून लाल रक्त येते. मेलेला स्नायू दोहोंपैकी काहीच करीत नाही. भावजींचा आकसला. एकदा कापून काम भागले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडून पाहिले, कडेला आणखी काळे दिसले, तेही काढले. सहा दिवसांत चार वेळा त्यांना शस्त्रक्रियेच्या खोलीत नेले. चौथ्या वेळी शस्त्रवैद्य बाहेर आले आणि प्रथमच आमच्यापाशी बाकावर बसले. तेव्हा आम्ही धीर करून विचारले, "आदल्या रात्रीच निघालो असतो तर?" ते खोटे समाधान देणारे गृहस्थ नव्हते. म्हणाले, "कापावे तेव्हाही लागलेच असते. किती, ते आता सांगता येणार नाही. पण कमी." एवढे बोलून ते उठले. तो "कमी" हा शब्द आम्ही अद्याप बरोबर वागवीत आहो.

यानंतर जे आले ते आमच्या कल्पनेत नव्हते. आम्हांस वाटले होते, रोग गेला, आता जखम भरेल. परंतु गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पुढची बाजू उघडी होती. जणू एखाद्या घराच्या भिंती उभ्या आणि गिलावा सगळा पडलेला. एवढी जखम आपोआप भरू दिली तर महिनेच्या महिने लागतात, आणि भरली तरी आक्रसून गुडघा, घोटा जखडून टाकते. आणि गुडघ्याच्या खाली, जेथे बांबू रुतला होता तेथे, नडगीचे हाड पांढरेशुभ्र दिसत होते. उघडे हाड वाळते, आणि वाळलेले हाड मरते.

प्लॅस्टिक सर्जरी म्हणजे नटनट्यांची नाके सरळ करणे, अशी आमची तोपर्यंत समजूत होती. तुमचीही असेल. या विभागातील एक तरुण शस्त्रवैद्य काटोलकडचे होते. त्यांनी आमच्यासमोर कागदावर पाय काढला, आणि सांगितले की येथे दोन निरनिराळी कामे आहेत. जेथे खाली लाल, दाणेदार, रक्ताने भरलेले मांस तयार झाले आहे तेथे मांडीवरची कातडी कागदासारखी पातळ तासून आणून पसरता येईल. ती कातडी मूळ जागेपासून पूर्ण तुटलेली असते. पहिले दोन दिवस ती केवळ खालचा ओलावा शोषून जगते. त्या मुदतीत खालच्या वाहिन्या तिच्यात शिरल्या तर टिकते, नाही तर वाळून जाते. हाडावर मात्र अशी कातडी जगत नाही, कारण हाडात तिला पाजण्याइतके रक्त नाही. तेथे असे काही आणावयास हवे, जे आपले रक्त आपल्याबरोबर घेऊन येईल. म्हणून पोटरीच्या स्नायूचा आतला भाग खालून सोडवावयाचा, वर गुडघ्यामागे त्याची रक्तवाहिनी जेथून येते तो देठ तसाच राखावयाचा, आणि तो भाग पुढे वळवून हाडावर घालावयाचा.

"म्हणजे भेटकलमच की!" आम्ही एकदम म्हणालो.

डॉक्टरांना काही उमगले नाही. मग आमची पाळी आली. आमचे वडील आंब्याची कलमे बांधीत. मानकुरादच्या जुन्या झाडाखाली माच उभारून त्यावर कोयीपासून वाढविलेल्या रोपाची कुंडी ठेवावयाची; रोपाची आणि मूळ झाडाच्या फांदीची साल समोरासमोर तासून दोन्ही एकत्र घट्ट बांधावयाची. फांदी लगेच तोडावयाची नाही. दोनतीन महिने ती आईच्याच झाडावर जगते आणि हळूहळू रोपाशी जुळते. जुळली, की मग खालून कापावयाची. हेच भेटकलम. दोन झाडांची भेट होते म्हणून भेट. हे ऐकून काटोलकर डॉक्टर हसले आणि म्हणाले, "मग मांडीची कातडी म्हणजे आमचा संत्र्याचा डोळा!" त्यांच्या घरी संत्र्याच्या बागा. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरतात तेव्हा तो झाडापासून साफ तोडलेला असतो, सालीच्या खाचेत बसवून बांधतात, आणि लागला तर लागला. एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात केप्याचा आंबा आणि काटोलचे संत्रे यांची अशी ओळख झाली. फरक एवढाच, की भावजींच्या पायातील देठ पुढे कापण्याची गरज नव्हती. तो जन्मभर तसाच राहावयाचा होता.

देठ कापावयाचा असतो अशी एक गोष्ट मात्र आमच्या स्वतःच्या विषयात होती, आणि ती आम्हांस त्या डॉक्टरांकडून ऐकावी लागली. टिपूच्या लढाया आम्ही दहा वर्षे शिकवीत आलो; तह, तारखा, दंडाची रक्कम, सगळे पाठ. परंतु 1792 च्या त्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर एक मराठा बैलगाडीवान होता, तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, आणि त्यांनी त्याचे नाक व एक हात कापला, हे आम्ही कधी शिकविले नव्हते. इंग्रजीत त्याचे नाव कावसजी असे छापले आहे. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा घडविणाऱ्या ज्ञातीतील एका माणसाने त्यास नवे नाक करून दिले. त्याने प्रथम मेणाचे नाक करून चेहऱ्यावर बसवून पाहिले. ते मेण चपटे करून कपाळावर ठेवले आणि भोवती रेघ ओढली. तेवढी कातडी सोडविली, भुवयांच्या मध्ये तिचा अरुंद देठ राखला, आणि ती पिळून खाली वळविली. सांध्यांवर पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर लावून बसविला. चार दिवसांनी तो काढून तुपात भिजविलेल्या पट्ट्या ठेवल्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी, नाकाने नव्या जागी जीव धरल्यावर, देठ कापला. क्रूसो व फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया पाहिली. 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये तिची हकीकत चित्रासह आली, आणि त्यावरून पुढे 1814 साली कार्प्यू या शस्त्रवैद्याने लंडनमध्ये तसे नाक केले. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीने नाक करण्याचा विधी आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. पण पुण्याजवळच्या त्या कारागिराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. गाडीवानाचे नाव छापले, चित्र छापले. ज्याच्या हाताने नाक घडले तो नुसता ज्ञातीने ओळखला गेला. प्लॅस्टिक या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ घडविणे, आकार देणे असा आहे, आणि हल्लीच्या पिशव्याबादल्यांच्या प्लॅस्टिकहून तो शस्त्रक्रियेच्या नावात आधी आला. मातीला आकार देणाऱ्याच्या हाती ही विद्या टिकून राहावी, यात काही नवल नाही.

नागपुरासही या विद्येची परंपरा आहे. 1950 नंतरच्या दशकात तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. देशातील अगदी आरंभीच्या विभागांपैकी तो एक. मुंबईस डॉ. नोशिर अंटिया यांनी कुष्ठरोगाने वाकलेले हात आणि विद्रूप झालेले चेहरे दुरुस्त करण्यात आयुष्याचा मोठा भाग वेचला. रोग बरा होऊनही रोगाची खूण माणसास घराबाहेर ठेवते, हे त्यांनी जाणले होते. आम्हांस ते पुढे उकव्यात दिसले.

नोव्हेंबर संपत आला तेव्हा स्नायू वळविला आणि एकाच बैठकीत मांडीची कातडी आणून वर व खाली पसरली. ती पुरावी म्हणून तिला जाळीसारखी छिद्रे पाडून ताणतात; छिद्रे मागाहून भरून येतात. पाच दिवस पट्टी उघडावयाची नव्हती. अक्काने त्या पाच दिवसांत कोणताही नवस बोलली नाही असे सांगितले. आम्ही विश्वास ठेवला नाही. पाचव्या दिवशी पट्टी पाण्याने भिजवून भिजवून, एकेक पदर करीत काढली. खाली फिकट गुलाबी रंग होता. काटोलकर डॉक्टरांनी बोटाने हलके दाबले, रंग गेला आणि परत आला. ते आमच्याकडे वळून एकच शब्द म्हणाले : "लागलं." आमचे वडील कलमाची दोरी सोडताना हाच शब्द म्हणत. घोट्याजवळ रुपयाएवढी एक जागा लागली नाही. ती पुढे महिनाभर ओली राहिली.

नाताळाच्या आधी भावजी काठी टेकीत उकव्याला परतले. मांडीची जागा पायाहून अधिक आग करते, अशी त्यांची तक्रार होती. "ज्याने दिले त्यालाच जास्त दुखते," म्हणत. पण हा विनोद घरात. बाहेर पाय दिसू नये म्हणून ते उन्हाळ्यातही पायघोळ पायजमा घालीत. पूर्वी संध्याकाळी लुंगी नेसून ओट्यावर बसत, ते बंद झाले. जाळीची नक्षी उमटलेला, एका बाजूस खोलगट आणि गुडघ्याखाली फुगीर असा तो पाय पाहून शेजारच्या एका बाईने आपल्या मुलास आत बोलावून घेतले होते. तिला तो महारोग वाटला. भावजी कोणास काही बोलले नाहीत. कचेरीतून घरी, घरातून कचेरीत, एवढेच त्यांचे जग उरले. आम्ही फोनवर पुष्कळ उपदेश केला. ज्याने त्या रात्री "सकाळी निघू" म्हटले त्याचा उपदेश त्यांनी शांतपणे ऐकून घेतला.

2023 च्या दिवाळीस आम्ही पुन्हा तेथे होतो. भाऊबीजेच्या रात्री मागच्या चाळीत एक मुलगा ताप येऊन पाय धरून ओरडत असल्याचे अक्काने येऊन सांगितले. भावजी काठीही न घेता गेले, आम्ही मागे. पंधरासोळा वर्षांचा मुलगा, मांडीवर सूज आणि लाली. बापाचे म्हणणे, सकाळ झाली की पाहू. दारात दहाबारा माणसे जमली होती, आणि ती शेजारीणही होती. भावजींनी वाकून आपला पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला आणि हिंदीत म्हणाले, "हे बघा. आम्ही सकाळ होऊ दिली होती." कोणी काही बोलले नाही. आम्ही जमिनीकडे पाहत उभे राहिलो. दहा मिनिटांत जीप आली.

मुलाला साधे गळू झाले होते. बालाघाटला त्याच रात्री डॉक्टरांनी ते फोडले, गोळ्या दिल्या आणि उजाडता घरी पाठविले. दोन दिवस चाळीत हसे झाले. जीपचे भाडे कोणी द्यावयाचे यावर वादही झाला, आणि अखेर ते भावजींनीच दिले. ते देताना त्यांच्या चेहऱ्यावर कसलाही संकोच नव्हता. संध्याकाळी लुंगी नेसून ते ओट्यावर बसले होते, आणि तोच मुलगा मांडीला पट्टी बांधून समोर बसून त्या पायावरची नक्षी जवळून पाहत होता. परसातले कुंपण वर्षापूर्वी जेथवर आले होते तेथवरच होते. वांगी यंदाही डुकरांनी खाल्ली, असे अक्का म्हणाली.